साडूंचे जाळीपंखी सोयरे

आमच्या साडूंना माणसांपेक्षा किड्यांची नाती जास्त कळतात, हे मी अख्ख्या खामगावात कुणालाही लिहून द्यायला तयार आहे. बायकोच्या मावसबहिणी त्यांना अजून ओळखू येत नाहीत. पण दिव्यावर काही भिरभिरलं की उष्ट्या हातानं उठतील आणि त्याचं कूळ सांगतील. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले तरी खिशातली काचेची कुपी सुटलेली नाही. कपाशीवरचा तो हिरवा, जाळीदार पंखांचा नाजूक किडा म्हणजे त्यांचं दैवत. मातीत खड्डा करून मुंग्या धरणारा किडा त्याचा चुलतभाऊ लागतो, हे त्यांनी मला माझ्याच लग्नात, मी अंतरपाटाआड उभा असताना सांगितलं होतं.

पुढे नव्या पुस्तकात त्यांनी वाचलं की या जाळीपंखी किड्यांचा जो एक गण, म्हणजे कुळांचा मोठा गट होता, त्याचे आता तीन गण झालेत. थंड मुलखातले लांब मानेचे वेगळे निघाले, पाण्यात वाढणारेही वेगळे निघाले. साडूंनी त्या रात्री जेवण टाकलं. देऊळघाटच्या शेताची वाटणी होऊन विहिरीपायी धाकट्या भावाशी बोलणं तुटलं, तेव्हा मात्र ते दोन्ही वेळ पोटभर जेवले होते.

मग साडूंच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेच्या मजकुरातून साडूंनी भावाचं नाव काढलं आणि काका नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं सांगून मुलगी रडत बसली. विषय बदलावा म्हणून मी त्यांना त्या वाटणी झालेल्या किड्यांचं पुढे काय झालं ते विचारलं. साडू एकदम खुलले.

"तिघायवर एक मोठा गण ठेवला हाय ना. वेगळे निघाले म्हणून सोयरेपण थोडंच तुटते?"

मेव्हणी स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाली, "मंग तुमी देऊळघाटले काऊन नाही जात?"

साडू बराच वेळ कुपीचं झाकण फिरवत राहिले. सकाळी पहिल्या गाडीनं देऊळघाटला गेले.

लग्नात दोघे भाऊ शेजारी बसले होते, पण अवघडल्यासारखे. तेवढ्यात मांडवातल्या दिव्यावरून तो हिरवा पाहुणा उतरला आणि भावाच्या फेट्यावर बसला. साडूंचा हात सवयीनं खिशात गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला. मी किडा झटकायला पुढे झालो, तर त्यांनी माझा हात धरला.

"बसू द्या त्याले. घरचाच हाय."

भाऊही मान न हलवता बसून राहिला. मुलगी सासरी गेली, मांडव रिकामा झाला, तरी ते दोघे भाऊ त्याच दिव्याखाली बसले होते.