साधं पेट्रोल

हे मी चर्चमध्ये फादरांपुढे गुडघे टेकूनही बोलले नाही. बाकी सगळं सांगायचे — चिडचिड, भांडणं, चुकवलेला रविवारचा मिस्सा. हे मात्र जिभेवर येऊन मागे फिरायचं. आज तुम्हाला सांगते.

वसईत आमची छोटी वाडी आहे — केळी, सोनचाफा. पप्पा निवृत्त झाले आणि त्यांना नाद लागला, बंद पडलेली बागेतली मशीनं चालू करायचा. भंगारातून उचललेलं गवत कापायचं मशीन त्यांनी खपून खपून सुरू केलं, तेव्हा शेजारी बघायला आले होते. मग लोक आपापले फवारणीचे पंप घेऊन येऊ लागले. इतके खूश पप्पा नोकरीत कधीच नव्हते.

त्या मशीनच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. नाहीतर आतला पिस्टन घासून अडकतो. मला ठाऊक नव्हतं का? होतं. पप्पांनीच शिकवलं होतं.

एका संध्याकाळी पप्पा गावातल्या एका मयताला गेले होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे आणि वाडीत गवत गुडघाभर. ऑइलची बाटली सापडेना. मी स्कूटरसाठी आणलेलं साधं पेट्रोल ओतलं — थोडा वेळच तर चालवायचंय! अर्धं गवत कापलं आणि मशीन किंचाळून थांबलं. पुसून जागेवर ठेवलं. उरलेलं विळ्याने कापलं, आणि पप्पांना सांगितलं, सगळंच विळ्याने कापलं.

सकाळी पप्पांनी दोरी ओढली. हलेना. खोललं, तर पिस्टनवर ओरखडे आणि टाकीत साधं पेट्रोल. नायगावहून दादा आला होता. तो म्हणाला, "पप्पा, पेट्रोल तुम्हीच भरता ना?"

पप्पांनी वाकून पुन्हा टाकीत बघितलं. "विसरलो असेन," म्हणाले.

मी चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. दादा रागावला असता, एवढंच. मग का नाही बोलले? पप्पांची आई शेवटी शेवटी स्वतःच्या मुलांनाही ओळखत नव्हती. त्या क्षणी पप्पांच्या मनात काय आलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. दिसलं — आणि तरी मी ट्रे घेऊन आत गेले.

दादाने पप्पांकडून स्कूटरची चावी काढून घेतली. लोकांचे पंप पप्पांनी न खोलताच परत केले. आपण औषध घेतलं का, हे मला पुन्हा पुन्हा विचारू लागले. घेतलेलं असायचं. मी प्रेमाने सांगायचे, "घेतलंत, पप्पा." लोक म्हणायचे, मुलगी बापाचं किती करते! तेही मी ऐकून घेतलं. वर्षानुवर्षं.

या उन्हाळ्यात मी नवा पिस्टन मागवला आणि ओटीवर मशीन जोडायला बसले. वाटलं, ते चालू झालं की सांगायची गरजच उरणार नाही — बघा, पळवाट कशी शोधत होते! पप्पा लांब खुर्चीवर. रिंग कशी बसवू, विचारलं, तर म्हणाले, "मला नको विचारू. माझं आता काही खरं नाही."

मग मात्र तोंडातून निघूनच गेलं. पप्पा, त्या दिवशी मशीन मी चालवलं. साधं पेट्रोल मी ओतलं.

मी शिव्यांची वाट बघत होते. ते म्हणाले, "म्हणजे... मी विसरलो नव्हतो?"

"नाही, पप्पा."

"नक्की?"

"नक्की."

ते हसले. डोळे पुसत हसले. मग हसू थांबलं. "दादाला फोन कर. माझ्यासमोर सांग."

सांगितलं. दादाने फोन ठेवून दिला.

तेव्हापासून पप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलतात. माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. त्यांची वर्षं मी घेतली, ती परत देता येत नाहीत. पण छाती मोकळी झालीय — खोटं कशाला बोलू?

आज सकाळी ते कुणालाही न विचारता बस पकडून आगाशीच्या बाजारात गेले. जेवायची वेळ टळून गेली. मी फोन केला नाही. आले ते घामाघूम, हातात नव्या पान्यांची जड पिशवी. मी दारातून बाजूला झाले.