जीपमध्ये कळतो माणूस

आमच्या आत्याचा एसटीच्या वेळापत्रकावर विश्वास नव्हता, मग लग्नाच्या स्थळावर कुठून असणार! "बैठकीतलं माणूस म्हंजे इस्त्रीचं कापड. जीपमध्ये आठ घंटे बसव, मंग चुण्या दिसतात," असं ती म्हणायची. घरात कुणाचंही लग्न ठरायचं असलं की ती दोन्हीकडच्या मंडळींना एका काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून फिरायला न्यायची. नाव देवळाचं, लेण्यांचं. डोळा मात्र माणसांवर.

माझ्या वेळी आम्ही जाफराबादहून निघालो. भादव्याचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं. वाटेत भोकरदनला संदीप आणि त्याचे आईवडील चढले. संदीप तिथल्याच शाळेत मास्तर. मला तो पहिल्या भेटीतच आवडला होता, आणि आत्यानं ते ओळखलं होतं. "तोंड आवर," ती कानाशी कुजबुजली. "पोरगा लई गोड बोलतो."

खिडकी कोण बळकावतं, ड्रायव्हरला चहाचं कोण विचारतं, सगळं ती टिपत होती. संदीपनं माझ्या आईला खिडकीची जागा दिली. आत्या म्हणाली, "दाखवायला करून राह्यला." मी तिला चिमटाच काढला.

अन्वा गावच्या जुन्या महादेवाच्या देवळात सगळे माना वर करून कोरीव काम पाहत होते. आत्या देवाकडे पाठ करून उभी. संदीप फोन घेऊन बाजूला गेला, सकाळपासून तिसऱ्यांदा. ही बाई खांबाआड जाऊन कान देऊन ऐकायला लागली! मी पदर ओढला, पण हलेल तर शपथ. फोन संपताच तिनं विचारलं, "कोण हाय ती?"

संदीप कावराबावरा झाला. आईकडे पाहिलं, मग म्हणाला, "बहीण आहे माझी. नवऱ्यानं छळलं म्हणून परत आलीय. घरी एकटी आहे, म्हणून विचारपूस करतो. लग्न ठरेपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही, असं आमच्या घरात ठरलं होतं."

चोर सापडला म्हणून आत्या आता उड्या मारील, असं मला वाटलं. ती पायरीवर मटकन बसली. माझ्या बाबांना म्हणाली, "दादा, आता आपलं बी सांग."

"सुमे, गप बस!" बाबा खेकसले.

"लोकांचं उकरायचं न आपलं झाकायचं, हे बराबर न्हाई." मग संदीपकडे वळून ती सरळ म्हणाली, "पोरीला फिट येते. आठवीपासून. रोज गोळी खाते."

मेली सटवी! मनातल्या मनात मी तिला याहून वाईट शिव्या दिल्या. अजिंठ्याच्या घाटात हिरवागार डोंगर, वरून पाणी कोसळतंय, आणि जीपमध्ये कुणी कुणाकडे पाहीना. परतताना भोकरदनला उतरल्यावर संदीप खिडकीशी आला. "गोळी किती वाजता असते?" त्यानं विचारलं.

मला बोलूच दिलं नाही आत्यानं. म्हणाली, "तीन दिवस घरी बसून इचार करा. जीपचा वारा डोक्यात जातो."

ते तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती माझ्यासमोर भाजी निवडत बसायची. शेवटी म्हणाली, "नकार आला तर मला शिव्या दे. पण लपवून गेली असतीस तर गोळी बी चोरून खाल्ली असतीस." मला रडू फुटलं, कारण मला तीच भीती होती.

चौथ्या दिवशी संदीप आला, बहिणीला सोबत घेऊन. आणि लग्न ठरलं.

याला बारा वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात आत्या दवाखान्यात होती, तेव्हा संदीप तिला चमच्यानं पेज भरवायचा. एकदा तिनं मला जवळ ओढलं. "नीट वागवतो न?"

"आत्या, बारा वर्षं झाली गं!"

तिनं त्याला खालून वर न्याहाळलं. "थोडं अजून पाहू," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. संदीप लहान लेकरासारखा हुंदके देत होता. "शेवटपर्यंत पास केलं नाही मला," म्हणाला.