मोतीलाल सरांचा राऊंड

मोतीलाल सरांचा राऊंड जमिनीवरून चालायचा. बालरोग विभागात खाटा आहेत, पण सातपुड्यातून आलेल्या आया खाटेवर बसत नाहीत. लेकराला वर ठेवतात आणि आपण खाली बसतात, नाहीतर लेकरालाही घेऊन खालीच. सर प्रत्येक खाटेपाशी "माय वं!" असं कण्हत उकिडवे बसायचे आणि मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांकडे मान वर करून म्हणायचे, "बठा खाले. खांबासारखं उभं ऱ्हायनात तं ती तुमनासंगे काय बोली?"

मग सगळी फौज खाली. कडक इस्त्रीचे पांढरे ॲप्रन फरशीवर लोळायचे. लातूर, पुणे, सांगलीकडून आलेली ही पोरं आधी मनातल्या मनात शिव्या घालायची. मीही घातल्यात. मी सरांच्या हाताखालची प्राध्यापिका, साताऱ्याहून बदलीवर नंदुरबारला येऊन पडलेली. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "सर, स्टूल घेऊ या ना." ते म्हणाले, "मॅडम, एकदा स्टूल लिधं तं ते कोनी सोडत नही." कप्पाळ!

सर शहाद्याजवळच्या एका गावचे, बागायतदार घरातले. घरची केळी भाऊ बघायचा, आणि सर पिशवी भरून केळी वॉर्डात आणायचे. राऊंडचा पहिला प्रश्न पेशंटबद्दल नसायचाच. "जेवनी का?" असं ते समोरच्या विद्यार्थिनीला विचारायचे. ती नाही म्हणाली की तिच्या हातात केळं. "भुक्या डॉक्टरनं डोकं चालत नही, नुसती जीभ चालस." रात्रपाळी करून आलेल्या पोराला ते औषधाचा डोस लिहू देत नसत, झोपून ये म्हणायचे. स्वतः मात्र मीटिंगमध्ये झोपायचे, चक्क घोरायचे. शोधनिबंध, स्लाइडा, अहवाल यांचा त्यांना मनापासून कंटाळा. ते सगळं माझ्या गळ्यात. सर गेले त्याला आता वर्ष होत आलं, तरी त्यांचा राग यावा अशा पुष्कळ गोष्टी मला अजून आठवतात.

होळी जवळ आली की आमचा वॉर्ड रिकामा होऊ लागतो. डोंगरात होळीएवढा मोठा सण नाही. सलाईन अर्धवट सोडून माणसं निघतात. नवीन इंटर्न चिडतात, ओरडतात, जबाबदारी तुमची म्हणून अंगठे घेतात. सरांच्या वॉर्डात ओरडायला बंदी होती. "रागावाल तं पुढला टाइमले ती येवाव नही. लेकरू मरी, पन येवाव नही." ज्यांना सोडता येईल त्यांना ते औषधं बांधून देत आणि परत कधी यायचं ते बाजाराच्या वारावर सांगत. ज्यांना सोडणं शक्यच नसे, त्यांच्यापाशी कुणीतरी बसायचं आणि थांब म्हणायचं.

एका वर्षी होळीला ते काम सायलीकडे आलं. सायली सांगलीकडची, हुशार, इंटर्नशिप संपत आलेली. ॲप्रनच्या खिशात पुढच्या परीक्षेचं पुस्तक. भुरीबाई नावाची एक बाई धडगावच्या वरच्या पाड्यावरून चार महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. वजन अगदी कमी, त्यात न्यूमोनिया, ऑक्सिजन लावलेला. नवऱ्याने होळीचा नवस घेतलेला, त्याला जाणं भाग होतं. तो बायकोलाही चल म्हणत होता. सायली पुस्तक बाजूला ठेवून भुरीबाईजवळ फरशीवर बसून राहिली. तिच्याकडून तिच्या पावरी बोलीतले शब्द शिकली, बाळाचं नाक कसं पुसायचं ते तिला दाखवलं, तिच्या मोठ्या मुलीची चौकशी केली. शेवटी भुरीबाई थांबली आणि नवरा एकटा गेला. सायली माझ्याकडे धावत आली, "मॅडम, थांबली!" तिचा चेहरा असा फुलला होता, की मी माझी चिडचिड विसरले.

होळीच्या दिवशी दुपारी बाळ गेलं.

सगळं केलं होतं. सायलीने आणि मी जे जे करायचं ते सगळं केलं. भुरीबाई रडली नाही. तिने बाळाच्या अंगावरचं फडकं नीट केलं आणि सायलीकडे बघून म्हणाली, "तू बोलली थांब. मी थांबली."

बस, एवढंच. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. सायलीने ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि वडिलांना फोन लावला. "बाबा, मला न्यायला या. मला डॉक्टर व्हायचं नाही." मी समजावलं, पाणी दिलं, जवळ घेतलं. छे! पोरगी दगड झाली होती, डोळ्यांत टिपूस नाही.

सर सणासाठी घरी गेले होते. माझा फोन गेल्यावर ते आले, सणाच्या पूजेचा टिळा तसाच कपाळावर. सायलीला पहिला प्रश्न तोच, "जेवनी का?" मला इतका संताप आला! ती म्हणाली, "सर, माझं चुकलं का?"

सर तिच्यापाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "औषध बरोबर व्हतं, माय. थांब म्हननी तेबी बरोबर व्हतं. अन पोऱ्या गया." भुरीबाईकडे बघत म्हणाले, "गाडी तयार शे. चाल, तिले घर लगून सोडी येऊ."

मी भडकले. "सर, ही पोरगी कोसळली आहे. तिला खोलीवर पाठवा, समुपदेशक बोलवा. तिला गाडीत काय बसवताय? तिथे लोक मारतील हिला!"

"मारतीन तं माले मारतीन. आपन तिले थांब म्हनं ना, मॅडम? मंग ती एकटी जाई का?"

मी रागारागाने गाडीत चढले. सरांच्या भरवशावर पोरीला सोडायला मी तयार नव्हते. चांदसैलीच्या घाटात भुरीबाईला झोप लागली. किती दिवसांची जागी होती, कोण जाणे. तिचं डोकं सायलीच्या खांद्यावर आलं आणि मांडीवरचं बाळ सरकू लागलं, तेव्हा सायलीने ते आपल्याकडे घेतलं. पाड्यावर पोचेपर्यंत ते तिच्याच मांडीवर होतं. बाहेर ढोल वाजत होते.

संध्याकाळ झाली होती. बाळाचा बाप अंगाला राख फासून, कमरेला घुंगरू बांधून उभा होता. नवस फिटेपर्यंत बायको-लेकराला शिवायचं नसतं, म्हणून त्याला जवळ येता येत नव्हतं. लांबूनच बघत तो मटकन खाली बसला, तेव्हा घुंगरं वाजली. तो आवाज मी कधी विसरणार नाही. म्हाताऱ्या सासूने सायलीच्या हातातून बाळ घेतलं. मोडक्यातोडक्या पावरीत सर बोलत होते. काय झालं, काय केलं, काय जमलं नाही, सगळं. चारपाच पुरुष जवळ आले. मी सायलीचा हात घट्ट धरला.

कुणी मारलं नाही. कुणी आमचं सांत्वनही केलं नाही. आम्ही गाडीकडे वळलो, तेवढ्यात भुरीबाई घरातून आपल्या मोठ्या, तीन वर्षांच्या मुलीला दंडाला धरून घेऊन आली. तिने तिला सायलीपुढे उभं केलं आणि म्हणाली, "हिला पण खोकला."

मला तर रडूच फुटलं. सायली मुलीपुढे खाली बसली. मग तिने सरांपुढे हात केला. सरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून दिला. सायली त्या मुलीच्या पाठीला तो लावून ऐकत होती, छातीचा भाता बघत होती, आणि ढोल थांबेनात म्हणून पुन्हा पुन्हा ऐकत होती. श्वास ठीक होता. आमच्या पेटीतलं औषध देऊन तिने बोटांनी, खुणांनी समजावलं, "मंगळवारी आण. नक्की आण."

परतताना मी सरांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, असं होईल?"

"माले काय माहीत!" ते डोळे मिटूनच म्हणाले. "मी तं मार खावाले तयार व्हतू."

दुसऱ्या दिवशी सायलीचे वडील आले. साधा, घाबरलेला माणूस, मुलीची बॅग भरायलाच आला होता. सायली म्हणाली, "मंगळवारपर्यंत थांबा, बाबा. मग जाऊ." ते बिचारे स्टँडजवळच्या लॉजवर राहिले. सायली वॉर्डात येत होती, पण ॲप्रन घालत नव्हती. सर तिला रोज एक केळं मात्र पुढे करत.

मंगळवारी दुपार झाली तरी कुणी आलं नाही. ओपीडी संपली, झाडलोट झाली. "येणार नाही ती. कशाला येईल?" सायली म्हणाली. तिचे वडील बॅग घेऊन दारात उभे होते. सर टेबलाशी बसून जांभया देत होते, पण उठत नव्हते. मी म्हटलं, "सर, घरी जा आता." म्हणाले, "तिकडनी जीप भरावर सुटस, मॅडम. भराले येळ लागस."

भुरीबाई आली, तेव्हा शिपाई कुलूप घेऊन उभा होता. बाई घामाघूम, मुलगी कडेवर. सायलीने तपासलं, वजन केलं, औषध लिहिलं. मग ती मागच्या खोलीत गेली आणि होळीपासून साठलेलं रडू एकदाचं बाहेर पडलं. हंबरडाच तो. वडील तिकडे धावले. सरांनी गुडघ्यावर हात टेकून, "माय वं!" करत उठून त्यांची वाट अडवली.

"रडू द्या तिले," ते म्हणाले. मग वडिलांच्या हातातली बॅग काढून घेतली आणि टेबलाखाली सरकवून दिली. "तुम्ही आते सांगलीनी गाडी धरा, भाऊ. तिले काम शे."