भावाची पायरी

“माणूस उठना की भाव बसस,” पितांबर एकदा भरल्या बाजारात म्हणाला होता, आणि तेव्हापासून गावात बैल असो, पंप असो की लग्नाचं कापड, त्याच्याशिवाय कुणी घेतलं नाही. उठायचं, टोपी नीट करायची, मागे न बघता चालू पडायचं. दुकानाच्या पायरीवर पाय जरा रेंगाळू द्यायचा. तिथं हाक येतेच. धुळ्याच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं तर त्याला पायरीवरून दंडाला धरून परत आणलं होतं. त्या एका गोष्टीवर तो अकरा वर्षं जगला. शेत भाऊ बघायचे, घरात त्याला कुणी काही विचारत नसे. सौदा असला की मात्र लोक त्याचं दार वाजवायचे.

त्र्याण्णव साली पुतण्यानं, कौतिकनं, मोटार घ्यायची ठरवली. पितांबर न बोलावताच धुतलेलं धोतर नेसून निघाला. कौतिकनं धुळ्याऐवजी जळगावची एसटी धरली. तिथं एका कंपनीनं मधला डीलर काढून टाकून स्वतःच विक्री मांडली होती. भिंतीवर पाटी होती : एकच भाव.

चहा आला. सौदा ठरण्याआधी समोरच्याचा चहा घ्यायचा नाही, हा पितांबरचा नियम. त्यानं कप सरकवला आणि मोटारीच्या खोडी काढायला सुरुवात केली. टायर बारीक, पत्रा पातळ, रंग उडणारा. काउंटरवरची मुलगी सगळ्याला हो म्हणत गेली. जो आपल्या मालासाठी भांडतच नाही, त्याच्याशी कुठून सुरू करायचं?

“बेटा, पाटी तुम्हीच लिहिली ना? मग पुसायचं फडकंही तुमच्याकडंच असंल.”

मुलगी मनापासून हसली. “आबा, उद्या कलेक्टरसाहेब आले तरी हाच भाव.”

कलेक्टरला आणि आपल्याला एकच भाव. याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्याचे हात एका जागी राहीनात. मांडीवरून उपरण्यात, उपरण्यातून टोपीवर, पुन्हा मांडीवर. एवढी वर्षं माणसं आपल्याकडं बघून नमायची, की नमण्याची जागा भावात आधीच ठेवलेली असायची?

त्यानं कौतिकला डोळ्यानं खूण केली : ऊठ.

कौतिकनं खूण ओळखली. लहानपणापासून तो ती बघत आला होता. त्यानं फॉर्म पुढं ओढला.

“नाना, हाई बरं शे,” तो हळूच म्हणाला. “कोनापुढे तोंड वेंगाडनं नही.”

चहावर साय धरली होती. पितांबर उठला. टोपी नीट केली. मागे न बघता चालू लागला, काचेच्या दारातून बाहेर आला आणि सवयीनं पाय पायरी शोधू लागला. पायरी नव्हती. गाड्या सरळ रस्त्यावर याव्यात म्हणून तिथं नुसता उतार केला होता. तो उतरत गेला.