वजनाला हात लावू नये

"अजून चढलेलंच आहे," मोठे सर म्हणाले आणि त्यांनी एक्स-रे दिव्यासमोरून काढून पुन्हा लावला. पुन्हा लावल्यानं हाड काही खाली येणार नव्हतं. "किती लावलंय?"

"आठ किलो, सर," थोरात सिस्टर म्हणाल्या.

"दहा करा."

कॉटवर पडलेल्या सोपाननं डोळे मिटून घेतले. आमच्या बोलण्यातलं बाकी काही त्याला कळत नसलं, तरी दहा किलो म्हणजे काय ते नीट कळत होतं.

मी या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नसे. पेशंट मला 'व्यायामवाल्या मॅडम' म्हणायचे, आणि इंदिरानगरच्या आमच्या शेजारणींना सासूबाई सांगायच्या, "सून हाडांच्या दवाखान्यात मालिश करते." मी दुरुस्ती करणं सोडून दिलं होतं. गंगापूर रोडच्या बाजूला आमचं हॉस्पिटल, फक्त हाडांचं. मोठे सर म्हणजे आमचे मुख्य सर्जन. हात सोन्याचा आणि जीभ मिरचीची.

सोपान निफाडकडचा, विशी नुकतीच ओलांडलेला. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेला, लाइनमनच्या नोकरीसाठी नाव लागलेलं. खांबावर चढून दाखवायची परीक्षा तेवढी बाकी होती. घरात पगाराची नोकरी करणारा तो पहिलाच असणार होता. तेवढ्यात उसाच्या ट्रॉलीचा सायकलला धक्का लागला आणि तो पाण्याच्या चारीत पडला. मांडीचं हाड मोडलं, कातडी फाडून बाहेर आलं आणि चिखलात रुतलं.

एरवी सरांनी हाडात रॉड घातला असता. पण जखमेत चिखल गेलेला, पू धरलेला. अशात रॉड घातला तर पू हाडभर पसरतो आणि मग पायच जातो. म्हणून ट्रॅक्शन. म्हणजे काय, तर गुडघ्याखालच्या हाडातून एक पिन आरपार घालायची, तिला दोरी बांधायची, ती कॉटच्या पायथ्याच्या कप्पीवरून सोडायची आणि तिला लोखंडी वजनं टांगायची. पेशंट त्या ओढीनं खाली घसरू नये म्हणून पायथ्याकडून कॉट उचलून ठोकळ्यांवर ठेवायची. मांडीचे स्नायू फार ताकदीचे असतात. हाड मोडलं की ते आखडतात आणि मोडलेली टोकं एकमेकांवर चढवतात. वजन त्यांना ओढून धरतं. हाड जुळेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, रात्रंदिवस.

दुखतं. दुखत नाही असं सांगणारा डॉक्टर स्वतः कधी टांगलेला नसतो.

आमच्या मेल वॉर्डात तेव्हा असे सात-आठ जण टांगलेले असायचे. एवढे दिवस शेजारी शेजारी पडून राहिलं की नाती लागतातच. एकाच्या घरून भाकरी आली की चौघांत वाटली जायची. एकाची बायको सगळ्यांचे शर्ट धुऊन आणायची. दारालगतच्या कॉटवर पगारे मामा होते, सरकारी ऑफिसात क्लार्क, खुब्याचं हाड मोडलेले. ते वॉर्डाचे सरपंच. दारातून व्हरांडा दिसायचा, त्यामुळे आमचा राउंड येताना सगळ्यांत आधी त्यांना कळायचं. मग ते स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचे. वॉर्ड एकदम चिडीचूप. मोठे सर खूश व्हायचे. "पगारे, तुमची शिस्त आमच्या स्टाफला शिकवा," असं एकदा म्हणालेही होते.

राउंड आला की वॉर्डातल्या कामवाल्या मावशी ओरडायच्या, "नातेवाईक बाहेर!" मग सोपानची आई लीलाबाई पदर सावरत व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. घरचा भाजीपाला पाटीत घालून बाजारात विकणारी, उन्हानं रापलेली बाई. नवरा नव्हता. मुलाला आणलं त्या दिवसापासून ती घरी गेली नव्हती. फॉर्मवर सही तिच्या दिरानं केली, तो प्राथमिक शाळेत मास्तर. सरांनी ट्रॅक्शन कसं, कशासाठी, सगळं मास्तरांना केबिनमध्ये बसवून समजावलं. मास्तर "येस सर, येस सर" म्हणाले आणि संध्याकाळच्या एसटीनं निफाडला गेले. वॉर्डात भिंतीवर लाल अक्षरात पाटी होतीच, 'वजनाला हात लावू नये.' लीलाबाईला वाचता येत नव्हतं.

दहा किलो लावून आठवडा झाला. नवा एक्स-रे आला. हाड चढलेलंच.

"थोरात, दोरी कप्पीत अडकतेय. दुसरं काय असणार?" सर म्हणाले.

"सर, मी रोज बघते."

"रोज बघता, मग हे काय आहे? मॅडम, तुम्ही बघा."

मी बघितलं. कप्पी सुटी फिरत होती. दोरी नवी होती. गाठ पक्की, वजनं अधांतरी, जमिनीला टेकलेली नव्हती. कॉटचे ठोकळे जागेवर. कशात काही दोष नाही. सोपानला विचारलं, "झोप लागते का रे?"

"दुपारच्याला लागती, मॅडम. रातीबी जरा लागती. ती गोळी चांगली हे." मग हळूच म्हणाला, "मॅडम, खांबावर चढता येईल ना मला?"

"तुला काय घाई आहे? आधी जमिनीवर चाल," मी म्हटलं. असं बोललं की पेशंट हसतात. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी निघाले आणि बसस्टॉपवर गेल्यावर लक्षात आलं की डबा वॉर्डातच राहिलाय. परत आले. दुपारी स्टाफ जेवायला जायचा, वॉर्ड पेंगायचा. पगारे मामांचा डोळा लागला होता, चमचा हातातच. मी आत शिरले.

सोपानच्या कॉटच्या पायथ्याशी लीलाबाई फरशीवर मांडी घालून बसली होती. सगळी वजनं तिच्या मांडीवर होती. दोन्ही हातांनी ती तिनं पोटाशी धरली होती आणि वरची दोरी सैल लोंबत होती. सोपान गाढ झोपला होता. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा मी असा पहिल्यांदाच पाहिला, कपाळावर आठी नसलेला.

तेवढ्यात मामांना जाग आली आणि त्यांनी घाईघाईनं पेला वाजवला. लीलाबाई दचकली. पण तिनं वजन टाकलं नाही. दह्याचं भांडं ठेवावं तसं अगदी सावकाश, धक्का न देता सोडलं. दोरी ताणली गेली. सोपान झोपेतच कण्हला. त्या चमच्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

"काय करताय हे?" माझा आवाज चढला.

"काय नाय मॅडम. जरा धरलं व्हतं."

"कधीपासून धरताय?"

पगारे मामा म्हणाले, "मॅडम, हळू. पोरगं झोपलंय. पहिल्यापासून धरतेय ती. रात्री सिस्टर तिकडच्या वॉर्डात गेल्या की धरते. आम्ही सगळे बघतो. कोणाला बघवत नाही हो ते कण्हणं."

मी लीलाबाईला हाताला धरून व्हरांड्यात नेलं. "तुम्हाला सांगितलं होतं ना, वजनाला हात लावायचा नाही म्हणून?"

"हात नका लावू म्हनले व्हते. कशाला टांगलंय ते कुनी सांगितलं?" तीही आता चिडली होती. "दहा किलो म्हंजी किती ते मला नका शिकवू, मॅडम. मी रोज पाटी घेते डोक्यावर, मान मोडून जाती. ते माझ्या पोराच्या हाडात खिळा घालून टांगलंय. रातभर आये आये करतो. मी काय नुसती बघत बसू?"

"मास्तरांना सगळं समजावलं होतं."

"मास्तर निफाडला हे. मी हितं हे."

मी तिचेच दोन्ही हात घेतले, बोटांची टोकं एकमेकांना टेकवली. "हे हाड. मध्ये मोडलं. मांडीचं मांस त्याला असं वर ओढतं." मी तिचा एक हात दुसऱ्यावर सरकवला. "वजन त्याला खाली ओढतं. वजन उचललं, की पुन्हा असं. तसंच जुळलं, की पाय आखूड."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. सरकलेले हात तिनं स्वतःच परत टोकाला टोक लावून धरले, आणि पुन्हा सरकवून पाहिले.

"म्हंजी ते आठाचं दहा झालं," ती म्हणाली, "ते बी माझ्यामुळंच."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

मोठ्या सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळ्या वॉर्डाला माहीत होतं?"

"हो, सर."

"आणि आपल्याला नाही?"

"आपण जातो तेव्हा ती बाहेर असते, सर. आपणच काढतो."

सर ओरडतील म्हणून मी थांबले. ते ओरडले नाहीत.

हाड तोवर चढलेल्या जागीच धरायला लागलं होतं. सरांनी दोन दिवस विचार केला. पुन्हा मोडून रॉड घालावा, तर जखम अजून वाहत होती. "पाय आखूड राहिला तर चालेल," शेवटी ते म्हणाले, "पण पाय राहायला पाहिजे." वाचवता येईल तेवढी लांबी वाचवायची म्हणून ट्रॅक्शन तसंच ठेवलं.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. लीलाबाई वजनाकडे पाठ करून बसायची, दोन्ही हात पदरात गुंडाळून. सोपान कण्हायचा. आता खरंच रात्रभर कण्हायचा. "सिस्टर, ती पहिली गोळी द्या ना," म्हणायचा. गोळी तीच होती. पगारे मामांनी चमचा उशाखाली घालून ठेवला. राउंडला वॉर्ड पहिल्यासारखाच चिडीचूप असायचा, पण त्या शांततेचं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही. मामा घरी जाताना मला म्हणाले, "आम्ही तिला मदत करत होतो, मॅडम. असंच वाटत होतं हो." आणि रडले. पन्नाशी उलटलेला माणूस, वॉकर धरून उभा, आणि पोरासारखा रडत होता.

एकदा लीलाबाईनं मला जिन्यात गाठलं. "सोपानला नका सांगू. पाय आखूड झाला तर नशिबानं झाला म्हना. माझ्यामुळं झाला हे त्याला कळलं तर मी कुढं जाऊ?"

"नाही सांगणार," मी म्हटलं.

हाड जुळलं. सोपानला मी दोन बारच्या मध्ये उभं केलं. डावा पाय टेकला. उजव्या पायाची टाच अधांतरी राहिली, दोन इंच. त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, जमीनच नाय लागत," तो म्हणाला. मी त्याला जाड तळाचा बूट करून दिला, चालायला शिकवलं, बूट घालून जिना चढायला शिकवलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

तरी तो परीक्षेला गेलाच. नंतर येऊन सांगितलं, "चढलो, मॅडम. वरपर्यंत चढलो. उतरता नाय आलं. दोरी लावून उतरवलं." नोकरी गेली. निफाडला त्यानं शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारींची वायर पुन्हा भरून द्यायचं दुकान टाकलं. काम चोख, असं त्या बाजूचे पेशंट सांगायचे.

बुटाचा तळ झिजला की तो माझ्याकडे यायचा. बरोबर लीलाबाई असायचीच. अशी वर्षं गेली. दोन हजारनंतर आमच्याकडे रिंग लावून हाड लांबवण्याचं ऑपरेशन सुरू झालं, तेव्हा मी त्याला म्हटलं, विचार कर. तो लगेच मान हलवून नाही म्हणाला.

"आता नको, मॅडम. मी परत कण्हाया लागलो तर आय परत वजन धरून बसंल."

मी बुटाचं माप घ्यायचं थांबले. "तुला माहीत होतं?"

"ओढ सुटली की कळनार नाय का? झोप लागायच्या आधीच कळायचं. डोळा किलकिला करून बघितलं व्हतं मी. मांडीवर घेऊन बसली व्हती." तो बुटाची नाडी बांधत राहिला. "बरं वाटायचं, मॅडम. म्हनून बोललो नाय, गोळीचं नाव सांगायचो. पाय आखूड व्हईल हे तवा ठाऊक असतं तर बोललो असतो. आता तिला सांगू नका मला ठाऊक हे म्हनून. जीव देईल ती."

"नाही सांगणार," मी म्हटलं. हे वाक्य त्या घरासाठी मी दुसऱ्यांदा बोलत होते.

लीलाबाई दाराबाहेर बाकावर बसली होती, मांडीवर मेथीची जुडी घेऊन. जुडी माझ्यासाठी असायची.

त्या प्रकरणानंतर आमच्याकडे एक बदल झाला. राउंडला उशाशी बसणारा माणूस आत थांबतो. सही जो करतो त्याला नाही, रात्र जो काढतो त्याला समजावायचं. टांगायच्या आधी मी वजन त्याच्या हातात देते आणि त्याचेच हात घेऊन दाखवते, लीलाबाईचे घेतले होते तसे. पाच मिनिटं लागतात. मोठ्या सरांनी भिंतीवरची पाटी काढून टाकली, कारण विचारलं तर म्हणाले, रंग द्यायचाय.

लीलाबाई मात्र अजून दाराबाहेरच थांबते. मी दर वेळी म्हणते, आत या, आता चालतं. ती म्हणते, "नको मॅडम. तुमचं आटपू द्या."