भर हंगामातला रिकामा कारखाना

ती घटना आठवली की आजही मला आधी राग येतो आणि मग बरं वाटतं. निवृत्तीनंतर लोक विचारतात, साहेब, एखादी खुनाची किंवा दरोड्याची केस सांगा. मी ही सांगतो. हिच्यात पिस्तूल नाही, पाठलाग नाही. एका पोराचं आयुष्य मात्र माझ्या टेबलावर होतं.

मी मूळचा लोणंदचा, पण तेव्हा शिराळ्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. डिसेंबर महिना, उसाचा हंगाम ऐन भरात. सहा तारखेला दिवस मावळल्यावर एक म्हातारा मेंढपाळ रस्त्याच्या कडेनं मेंढरं घेऊन निघाला होता. उसाच्या ट्रॅक्टरनं त्याला उडवलं आणि ट्रॅक्टर न थांबता निघून गेला. म्हातारा जागीच गेला. मेंढरांच्या मागून चालणाऱ्या त्याच्या बायकोनं जबाबात सांगितलं, "टेप लय मोठ्यानं लावलेला. मागचं लाल दिवं दिसलं, बाकी काय न्हाई." आता आमच्या भागात हंगामात टेप न लावणारा ट्रॅक्टर ड्रायव्हर दाखवा. ट्रॉली जुनी असेल, पण स्पीकर नवेकोरे. एवढ्या वर्णनावर निम्मा तालुका संशयित ठरत होता.

गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला, पण काही आठवडे हाती काहीच लागलं नाही. मग खबर आली. जवळच्या गावातला एक ट्रॅक्टरवाला आपण होऊन ठाण्यात आला. "साहेब, नाव घ्यायला जिवावर येतंय," तो म्हणाला, "पण मी त्या टायमाला कारखान्यातनं रिकामा येत हुतो. आमच्या गावातल्या फौजीचा पोरगा भरलेला ट्रॅक्टर घेऊन त्याच रस्त्यानं सुसाट चालला हुता." न मागता खबर देणाऱ्याला मी नेहमी चहा पाजतो आणि त्याचा जबाब अगदी सविस्तर लिहून घेतो. याचाही तसाच घेतला.

पोरगा विशीतला. बाप सैन्यातून निवृत्त झालेला, आणि पोराचीही सैन्यात निवड झालेली. हजर व्हायचा दिवस जवळ आला होता. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच ठाण्यात येऊन पडलेला. गुन्ह्यात नाव लागलं की नोकरी गेलीच. मी त्याला बोलावून उलटसुलट विचारलं, आधी गोडीनं, मग आवाज चढवून.

"साहेब, दिस मावळायच्या आधीच मी कारखान्याच्या गेटातनं आत गेलतो. रातभर नंबरात हुतो, ट्रॅक्टरांच्या रांगेत."

"पावती दाखव."

"पावती वजनाची असती, साहेब. वजन दुसऱ्या दिशी सकाळी झालं."

हे खरंच होतं. काट्याच्या पावतीवर वजनाची वेळ असते, गेटातून आत आल्याची नसते. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण तोवर पुसलं गेलं होतं. नंबरातले बाकीचे ड्रायव्हर त्याचे दोस्त, त्यांच्या शब्दाला कोर्टात कोण विचारतो? राहता राहिली गेटवरच्या कॉम्प्युटरमधली नोंद.

कारखान्याला पत्र दिलं. उत्तर आलं की पाच ते सहा डिसेंबर या काळात सदर वाहनाची नोंद आढळत नाही. हवालदार म्हणाला, "साहेब, घ्यायचा का आत?" वरूनही फोन सुरू झाले. मेंढपाळाची माणसं रोज ठाण्यासमोर येऊन बसत होती आणि त्यांचंही चुकत नव्हतं. पण मला पटेना. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना भर घालतो. हे पोरगं ना वाढवत होतं, ना कमी करत होतं. मी जीप काढली आणि कारखाना गाठला.

गेटजवळच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. विश्रामबागच्या कॉलेजात शिकलेल्या, कामाला चोख. त्यांनी माझ्यासमोर ट्रॅक्टरचा नंबर टाकला, तारखा टाकल्या. स्क्रीन कोरी.

"बघा साहेब. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

"नसेल बोलत. पण चौकशीची आमची एक पद्धत असते," मी म्हणालो. "संशयिताला पहिला प्रश्न असा विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. ट्रॅक्टरचा नंबर काढून टाका. त्या दोन दिवसांत आलेली सगळी वाहनं दाखवा."

त्यांनी नंबर पुसला आणि पुन्हा शोधलं. स्क्रीन कोरीच.

भर हंगामात कारखान्यात एकही वाहन आलं नाही? अहो, तासभर गव्हाणीत, म्हणजे गाळपाला ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस पडला नाही तर वरिष्ठांचे फोन सुरू होतात. "रोज तर बरोबर येतंय की हो," बाई म्हणाल्या. रोज त्या 'आजची वाहने' हे बटण दाबायच्या. मागच्या तारखा विचारायला कुणी येतच नसे.

मी म्हटलं, वीस ते एकवीस टाका. धडाधड ओळी आल्या. सात ते आठ टाका. काही नाही. तेव्हा बाईंच्याच लक्षात आलं. "साहेब, हा आधी महिना वाचतोय. पाच बारा म्हणजे याला बारा मे वाटतोय." मे महिन्यात कारखान्याच्या आवारात शेळ्या चरतात, ऊस कुठून येणार? विसावा महिना नसतो, म्हणून तिथं तो निमूट सरळ वाचत होता. आणि चुकतोय असं सांगतही नव्हता.

बाईंनी महिन्याचं नाव अक्षरात लिहून पाच ते सहा डिसेंबर टाकलं. स्क्रीन भरून गेली. पोराचा ट्रॅक्टर मात्र त्यात नव्हता. बाई हळूच म्हणाल्या, "नसेलच आला तो."

मी सगळ्यात शेवटची ओळ बघितली. ती पाच तारखेच्या रात्रीची होती. सहा तारखेचं एकही वाहन नाही. नोंदीत तारखेबरोबर वेळही होती आणि नुसतं 'सहापर्यंत' म्हटल्यावर कॉम्प्युटर सहा तारीख लागताच थांबत होता. बाईंनी ते खोडून 'सात तारीख लागायच्या आधीपर्यंत' असं केलं. सहा तारखेच्या ओळी आल्या आणि दिवस मावळायच्या आधीच्या वेळेला पोराचा ट्रॅक्टर सापडला. एकदा नंबरात घुसलेला ट्रॅक्टर पुढच्या-मागच्या गर्दीतून बाहेर निघत नाही, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी बाईंना म्हटलं, आता चहा मागवा.

चहा येईपर्यंत दुसऱ्या ट्रॅक्टरचा नंबर टाकायला सांगितला. खबर देणाऱ्याचा. त्याची पाच-सहा तारखेला नोंदच नव्हती. पुढची तारीख टाकली, तर तो गेटातून आत गेला होता सात तारखेच्या सकाळी. प्रिंट काढल्या, सही-शिक्का घेतला आणि रीतसर पंचनामा केला.

दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवलं.

"सहा तारखेला कारखान्यातून रिकामा येत होतास ना?"

"व्हय साहेब. जबाबात हाय की."

"रिकामा व्हायला आधी आत जावं लागतं, गड्या. तू आत गेलास कवा?"

प्रिंट पुढं सरकवली. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "टेप मोठा हुता, साहेब," तो म्हणाला. "म्हातारा वरडला असंल. मला काय ऐकूच आलं न्हाई. मागं बघितलं तवा कळलं."

"आणि त्या पोराचं नाव का घेतलंस?"

"त्येचा ट्रॅक्टर माझ्यासारखाच हाय. अन् त्ये तर गाव सोडून चाललंच हुतं."

त्या वेळी मला आलेला राग वर्दीत असताना दाखवता येत नाही. मी अटकेची कारवाई पुरी केली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

या केसनं मला एक गोष्ट शिकवली. 'आढळत नाही' असं उत्तर आलं की मी आधी विचारलेला प्रश्न तपासतो. पुढं माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो.

पडताळणीच्या कागदावर सही केली, तेव्हा पोरगा बापाबरोबर आला होता. मी विचारलं, "राग आहे का रे आमच्यावर?"

"हाय, साहेब," तो म्हणाला. "पण त्या मेंढपाळाच्या म्हातारीला कुणीतरी सांगा, मी न्हवतो म्हणून."

मी स्वतः गेलो. मेंढरं एका रानात बसवली होती. म्हातारी बांधावर बसली होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कवा जातंय त्ये पोरगं?"

"उद्या."

"मग आज सांगितलंसा त्ये बरं केलंसा. रोज त्येच्या नावानं बोटं मोडत हुते. माझा तळतळाट त्येला लागाया नगो."