मुलगी गुणी आहे, फक्त…

दहावीच्या वर्गात आनुवंशिकतेचा धडा सुरू झाला की कुणीतरी हमखास विचारतं, "टीचर, रागसुद्धा रक्तातून येतो?" पेडण्याच्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवते आहे, उत्तर ठरलेलं आहे. रक्तगट आईबापांकडून येतो तसा राग सरळ येत नाही. थोडा कल जन्माने येतो. बाकी घर, मार, माया, भूक आणि लोक आपल्याविषयी रोज काय बोलतात, या सगळ्यातून माणूस घडतो. मुलं हे वहीत लिहून घेतात. माझ्या आत्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी तिला माझ्या पद्धतीने शिकवलं.

माझे वडील डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. रागीट म्हणजे किती, तर रस्त्यात एकाने गाडी घासली म्हणून त्याला जॅकच्या रॉडने मारलं आणि नोकरी घालवून बसले. घरातलं जेवणाचं ताट कधी कधी थेट अंगणात जायचं. मी सात वर्षांची असताना आई तापाने गेली, वडील कुठेतरी निघून गेले ते गेलेच, आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने मला पेडण्याला आपल्या घरी आणलं.

तिचे उपकार मी नाकारत नाही. तिने मला खाऊ घातलं, कॉलेजात पाठवलं. पण रोज पारखलंही. सकाळी पाव विकणारा पदेर आला आणि गरम पावासाठी मी हट्ट धरला की म्हणायची, "इलां बापाशीचां रगत." तिचा स्वतःचा मुलगा हट्ट करायचा तेव्हा मात्र त्याला भूक लागलेली असायची. मी रडले, भांडले, नुसतं जोरात बोलले तरी ती शेजारणीकडे बघून मान हलवायची.

चोविसाव्या वर्षी मला मांद्र्याच्या एका घरातून मागणी आली. मुलगा मला आवडला होता, हे सांगायला आज लाज वाटत नाही. देवाला प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला, उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे देवाचाही होकार मिळाला. मग मुलाची आई रीतीप्रमाणे चौकशीला आत्याकडे आली. मी आत तांदूळ निवडत होते, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"चेडू गुणी आसा," आत्या म्हणाली. "फक्त रगत बापाशीचां. राग इलो काय तेका फुडला दिसणा नाय."

आठ दिवसांत नकार आला. मी जाब विचारला, तर म्हणाली, लग्नाच्या बोलण्यात खोटं कसं सांगायचं? ते वाक्य मांद्र्यातच राहिलं नाही. पुढची तीन स्थळं दारातूनच परतली, आणि मी बिनलग्नाची राहिले. मला चिडायचीही सोय नव्हती, कारण चिडले असते तर तिचंच खरं झालं असतं. या सत्तावीस वर्षांत मी वर्गात एकदाही आवाज चढवला नाही. गावात म्हणतात, टीचर फार शांत. शांत कसली, मी डूख धरून होते.

गेल्या वर्षी आत्याच्या नातीसाठी डिचोलीचं स्थळ आलं. एकुलती एक नात, तुयेच्या औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, आत्याचा जीव तिच्यात. मुलाची आई आणि मामा मधल्या सुट्टीत मला भेटायला शाळेत आले. मी घरची, शिवाय मुलीला शिकवलेली, तेव्हा मलाच विचारायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, प्रयोग झाल्यावर न सांगता काचेच्या नळ्या धुऊन ठेवायची, हे सगळं मी मनापासून सांगितलं. मग म्हटलं, "मुलगी गुणी आहे. फक्त घराण्यात राग आहे."

मामा खुर्चीत पुढे सरकला. मी एक कोरं पान घेतलं आणि वर्गात काढते तशी वंशावळ काढली, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. वर माझे आजी-आजोबा, खाली माझे वडील आणि त्यांची सख्खी बहीण. वडिलांचा चौकोन पेन्सिलीने काळा केला आणि रॉडची गोष्ट सांगितली. मग आत्याच्या गोलापासून रेघ खाली आणली, तिच्या मुलापर्यंत, तिथून त्याच्या मुलीपर्यंत. आत्या जन्मभर बापाशीचां रगत म्हणत आली होती, जणू ते रक्त तिच्या भावाला कुणा परक्याने दिलं होतं. मी एकही शब्द खोटा सांगितला नाही. राग असा रेघेवरून उतरत नाही, हे मुलांना सांगते ते तेवढं सांगितलं नाही.

पान मामाच्या हातात दिलं तेव्हा इतकं बरं वाटलं, की तसं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. घरी जाताना मी मासळीबाजारातून इसवण घेतलं, एकटीसाठी, आणि पोटभर जेवले.

स्थळ मोडलं. चार दिवस कळ काढली आणि केळी द्यायच्या निमित्ताने आत्याकडे गेले. खरं म्हणजे मला तिचं तोंड बघायचं होतं. ती सोप्यावर बसली होती आणि ते पान तिच्या मांडीवर होतं, मामाने परत पाठवलेलं. ती शिव्या देईल, रडेल, याची मी वाट पाहत उभी राहिले. तिने बराच वेळ मला न्याहाळलं.

"लोकांक मी सांगत रवलंय, ह्या बापाशीर गेलां म्हणान," ती म्हणाली. "मी चुकलंय. तू माज्यार गेलंस."

मी केळी तिच्या शेजारी ठेवली. तिच्याच भावाची मुलगी, तिच्याच घरात वाढलेली. रक्ताने म्हणा की घराने म्हणा, दोन्हीकडून मी तिचीच निघाले. माझ्या बापाने निदान मारलं ते समोरून मारलं. त्याच्यासारखं होऊ नये म्हणून जन्मभर स्वतःवर पहारा ठेवला, आणि आत्याच्या बाजूने काय येतंय याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात नात चहा घेऊन बाहेर आली. ते पान कुणी काढलं हे तिला माहीत होतं. मला वाटलं, कप माझ्या अंगावर फेकेल, आणि खरं सांगते, फेकला असता तर बरं झालं असतं. तिने कपबशी इतकी हळू ठेवली की जराही आवाज झाला नाही.

"आते, च्या घे," ती मला म्हणाली. "साकर थोडीच घातलंय."

आत्या तिच्या हातांकडे बघत होती. मीही बघत होते. नातीच्या ते लक्षात आलं, तसा तिने ट्रे दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला आणि हसली. ओरड, मी मनात म्हणत होते, एकदा तरी ओरड माझ्यावर. ती ओरडली नाही. ओरडलं तर पानावरचं खरं ठरेल, हे तिला कळून चुकलं होतं, आणि तिचं वय अवघं पंचवीस होतं.